शनी दिसल्याचा मंजूर अहवाल

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे तूर्त कागदावरच). तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता तुझ्या भावजयीकडून लिहवून घेतला आहे. तू अबोला धरलास त्याला तीन वर्षं झाली. चूक माझीच, कबूल. आमच्या सेवा क्लबात पाहुण्या वक्त्याला वीस मिनिटं, मग सचिवाने घंटा वाजवायची, असा नियम आहे. तू शनीच्या कड्यांपर्यंत आलीस, लोक खुर्च्या पुढे सरकवून ऐकत होते आणि मी, सख्ख्या भावाने, घंटा बडवली. (चहा निवत होता म्हणून, असं मी तेव्हा सांगितलं.) तू निमूटपणे कागद आवरलेस, ती आमची पायरी पुन्हा चढली नाहीस. पण ते असो. पत्राचं कारण वेगळंच आहे.

गेल्या महिन्यात क्लबाने आकाशदर्शन ठरवलं. आमचे वक्ते कसे असतात ते तुला ठाऊकच आहे. मधमाश्यांवर बोलायला आलेले गृहस्थ सबंध वेळ स्वतःच्या मुतखड्यावर बोलले, आणि ‘निरोगी झोप’ या विषयावर एक बाई उभ्या राहिल्या तेव्हा निम्मी सभा प्रात्यक्षिकाला लागली. तर तारे दाखवायला कोण, असा प्रश्न निघाला. तुझं नाव निघालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शेवटी दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांच्याकडे दुर्बीण आहे, एवढीच त्यांची पात्रता. स्थळ अध्यक्षांची गच्ची (अध्यक्ष म्हणजे ते चष्मेवाले, ज्यांनी तुला एकदा भलत्याच बाईचा चष्मा दिला होता), वेळ संध्याकाळी सात, सपत्नीक आमंत्रण.

आता माझी खोड तुला माहीत आहे. पस्तीस वर्षं हेडक्लार्की केली. काम होण्याआधी त्याचा कागद तयार पाहिजे. सभेचा अहवाल मी आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. भाषण काय, कुणाचंही असो, ‘उद्बोधक’च होतं आणि आभार ‘हृद्य’च असतात. त्याप्रमाणे ‘निरभ्र आकाशात सर्व सदस्यांनी शनीची कडी पाहिली व ते भारावून गेले’ असं लिहून खिशात घातलं आणि गेलो. पाहतो तर आभाळ गच्च भरलेलं. डॉक्टर दुर्बिणीशी झटत होते (तिला ‘आ करा’ म्हणायचंच काय ते बाकी होतं). लोक कंटाळले, तेव्हा अध्यक्षांनी सुचवलं की तोवर अहवाल वाचून मंजूर करून टाकू. मी वाचला. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, टाळ्या पडल्या, आणि मग पंचाईत झाली. मंजूर अहवालाप्रमाणे सगळ्यांनी शनी पाहिलेला होता. आता दिसत नाही म्हणायची कुणाची टाप आहे? एकेक जण ओळीने येऊन डोळा लावू लागला. अध्यक्षांना एक कडं दिसलं. औषधवाल्यांना दोन दिसली. मला (तुझ्यापासून काय लपवायचं) तीन दिसली. तुझ्या भावजयीने मात्र डोळा लावला आणि सरळ सांगितलं, की अहो, हिचं झाकण काढलेलं नाही.

डॉक्टरांनी झाकण काढलं. मग ढग अगदी स्वच्छ दिसले. अहवालात दुरुस्ती करावी का, यावर रीतसर मत घेतलं, आणि दुरुस्ती अकरा विरुद्ध एक अशी फेटाळली गेली. (त्या एकीला मताचा अधिकार नव्हता, तरी तिने हात वर केला आणि शेवटपर्यंत खाली घेतला नाही. संसार कसा चाललाय ते यावरून ओळख.) बाकी सर्व ठीक. गुडघा सोडला तर तक्रार नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. पुढच्या सभेचा अहवाल नेहमीप्रमाणे तयार आहे. त्यात प्रमुख वक्त्या तू आहेस. शनीपासून पुढचं सगळं तू सव्वा तास सांगितलंस आणि कुणीही जागचं हललं नाही. मासिक अंकासाठी तो छापायलाही गेला. आता तुझं येणं तेवढं राहिलं आहे. येत्या बुधवारी, सहा वाजता.

आणखी ता. क. यायचं नसेल तर तसं कळव, म्हणजे ‘प्रकृतीच्या कारणाने’ असं काहीतरी घालीन. मला काही वाटणार नाही.

वन्सं, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. काही वाटणार नाही, हे साफ खोटं आहे. हे पाचवं पत्र, आधीची चार ह्यांनी फाडली. आणि एक गोष्ट ह्यांनी लिहिलीच नाही. मत घेऊन झाल्यावर सगळे हसत होते, तेव्हा हे उभे राहिले आणि म्हणाले, ‘हे सगळं जिला येतं ती माझी बहीण आहे. लोक तिचं इतकं जीव लावून ऐकत होते ते मला सोसलं नाही, म्हणून मी तिला मध्येच तोडलं.’ हे अहवालात नाही, कारण हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. तुम्ही या. रात्रीचं जेवण आपल्याकडेच.