पोट तुझं होतं, सांगत मी होतो

माय, तुला जाऊन चौतीस वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसलोय. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, चुका होतील. लिहितोय ते पाठकोऱ्या कागदांवर, लेकीच्या कंपनीतले जुने तपासणीचे तक्ते आहेत. लेक म्हणजे तुझी नात, जिच्या तू वेण्या घालायचीस आणि ती मान हलवायची म्हणून फणीनं टपली मारायचीस. आता त्रेचाळीसची आहे. चाकणला गाडीचे सुटे भाग बनतात तिथे ती माल तपासते. जावई ट्रेलरवर असतो, महिन्यातले चार दिवस घरी. तुझी सून गेल्यापासून मी मोशीला लेकीकडेच राहतो, गॅस बंद आहे का ते तीन-तीनदा बघतो आणि तिच्या शिव्या खातो. परवा ती ऑपरेशन होऊन घरी आली. आत झोपली आहे. मला मात्र कशाचाच घास जात नाही. सगळ्याची किळस आली आहे, आणि त्यात पहिला नंबर माझा.

तुला ती गुलाबी बाटली आठवत असेल. आमच्या कंपनीचा दवाखाना गेटाला लागून होता. पहिली पाळी सुटली की कार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं. घरच्यांचं नाव कार्डावर असलं की घरच्यांनी यायची गरजच नसायची. आम्ही सगळे तसंच करायचो. कुणी बायकोच्या तापाच्या गोळ्या न्यायचा, कुणी बापाच्या खोकल्याचं औषध. पेशंट घरी आणि दुखणं कामगाराच्या तोंडात. डॉक्टर मान वर न करता विचारायचा, "कोण? काय होतंय?" मी म्हणायचो, "आई. गॅस." दोन शब्द. खिडकीतून गुलाबी बाटली यायची. पेपरमिंटचा वास. आजही कुणी पानात पेपरमिंट टाकलं तर मला मळमळतं.

आणि तू काय सांगितलं होतंस? भोसरीच्या खोलीत तू स्टोव्हपुढे बसली आहेस, भाकरी थापता थापता थांबतेस आणि म्हणतेस, "लेकरा, दोन घासांत पोट भरायलंय बघ. तटतटल्यावानी होतंय. अन् घडीघडी लघवीला जावं लागतंय, रातचं बी." चाळीतला संडास टोकाला होता, तू डबा घेऊन दिवसातून दहादा जायचीस. मी सगळं ऐकलं. खोलीपासून दवाखान्यापर्यंत जाताना त्यातलं एकेक गळत गेलं. लघवीचं तर मी कधीच बोललो नाही. रांगेत पुढेमागे आमच्याच प्रेस शॉपमधली, पत्र्याचे तुकडे दाबून काढणारी माणसं, त्यांच्यासमोर आईच्या लघवीचं कसं बोलायचं? त्या दिवसांत तुझ्या परकराची नाडी पुरेना. तू तिला दुसरी नाडी गाठ मारून जोडलीस, एक पांढरी, एक हिरवी. दोरीवर वाळत घातलेली मी ती रोज बघत होतो. अंग वाळत चाललं होतं आणि नाडी लांब होत चालली होती. प्रेसमध्ये माझ्या हातून एक तुकडा दोन सूत वाकडा निघाला तर मी मशीन बंद करायचो. ही नाडी मला दिसत होती आणि मी तिच्याखालून वाकून कामाला जात होतो.

शेजारची एक जण नळावर म्हणाली, "मावशी, या वयात पाळणा बांधताय का काय?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस, पदर पुढे ओढून. मी दारात दात घासत होतो, मीही हसलो. तोंडात फेस होता, तोही मला आता आठवतो. त्या हसण्याची जितकी शिसारी येते तितकी कशाची येत नाही.

चौथ्या की पाचव्या बाटलीला तू ती झाकण न उघडताच फळीवर ठेवलीस. म्हणालीस, "मला घेऊन चल. पोट माझं अन् सांगणार तू." मी म्हणालो, "तिथला डॉक्टर हिंदी बोलतो, तुला नाही समजायचं." तो डॉक्टर साताऱ्याचा होता, माय. चांगलं मराठी बोलायचा.

पुढे तुला धाप लागायला लागली तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं. पोटातून पाणी काढलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईनं मला बाहेर बोलावून विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" मग आजाराचं नाव सांगितलं. अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला. ती हेही म्हणाली, की हा आजार काही घराण्यांत उतरतो, घरात मुलीबाळी असतील तर त्यांना सांगून ठेवा. मी मान डोलावली. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक तेव्हा दापोडीला ठरत आली होती. कॅन्सरवाल्या घरची पोरगी कोण करणार? मी केसपेपर घडी घालून पत्र्याच्या पेटीत तळाच्या वर्तमानपत्राखाली सारला आणि सगळ्यांना एकच सांगितलं, "पोटात पाणी झालं." तू विचारलंस, "काय म्हणाली रे ती बाई?" मी म्हणालो, "पित्त वाढलंय." तू म्हणालीस, "बरं." दहाव्याला पाहुणे म्हणत होते, सुटली बिचारी. मी त्यांना पाणी देत होतो. लग्न वेळेवर झालं. धाकटीला दोन मुली झाल्या, त्यांचीही लग्नं झाली.

आता ऐक. या हिवाळ्यात लेक अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायला लागली. कंपनीच्या पँटचं बटण लागेना म्हणून तिनं सेफ्टी पिन लावली. मी ती पिन बघितली. जगात एक माणूस होता ज्याला त्या पिनेचा अर्थ कळायला हवा होता, आणि तो सोफ्यावर बसून म्हणाला, "ओवा खा. कँटीनचं तेल चांगलं नसतं." मला कळलं नव्हतं असं नाही. मला घाम फुटला होता. पण भ्यालो की माझ्या तोंडातून ओवाच बाहेर पडतो.

तिनं ओवा खाल्ला नाही. तिनं फ्रिजवर कंपनीतला एक तक्ता चिकटवला. वर तारखा, डाव्या बाजूला चार ओळी: पोट फुगणं, लवकर भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी. रोज पेनानं खूण. मी म्हटलं, "अगं, पाहुणेरावळे येतात, ते लघवीचं तरी काढ." ती म्हणाली, "येऊ देत. वाचतील." आणि म्हणाली, "आबा, एका नगात खोट निघाली तर नग बाजूला काढतो. रोज तीच खोट निघायला लागली की मशीन उघडायचं असतं." तीन आठवड्यांत तक्ता जवळजवळ भरला. तेवढे दिवस मी दूध काढायच्या निमित्तानं दहादा फ्रिज उघडायचो आणि तक्त्याकडे न बघता बंद करायचो.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मी सोबत गेलो. डॉक्टरनं तिच्याकडे बघितलंच नाही, मला विचारलं, "काय काका, काय होतंय हिला?" आणि माझ्या तोंडातून शब्द निघून गेला. "गॅस, साहेब." चौतीस वर्षांत तो जिभेवरून उतरलाच नव्हता. लेकीनं माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणाली, "आबा, तुम्ही बाहेर बसा."

मधली भिंत प्लायवूडची. सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, ताण असेल, पाळी जायचं वय जवळ आलंय, ॲसिडिटी आहे. तिनं तक्ता पुढे ठेवला. तो हसला, "मॅडम, तुम्ही कंपनी इथेच घेऊन आलात." ती म्हणाली, "सोनोग्राफी लिहून द्या." "गरज नाही हो." "मग गरज नाही असं लिहा, का नाही ते लिहा आणि खाली सही करा. मी दुसरीकडे दाखवेन तेव्हा लागेल." मग पॅडावरचा कागद फाटल्याचा आवाज. चिठ्ठीवर सोनोग्राफी होती आणि खाली एक औषधही होतं. शेजारच्या दुकानदारानं ते काढून काउंटरवर ठेवलं. गुलाबी बाटली, माय. चौतीस वर्षांत यांना दुसरा रंग सापडला नाही. ती तिथेच ठेवून लेक रिक्षात बसली.

डाव्या अंडाशयात गाठ निघाली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईनं रक्त तपासलं, फोटो काढले आणि विचारलं, "घरात कुणाला अंडाशयाचा, स्तनाचा कॅन्सर?" लेक लगेच म्हणाली, "नाही. आजी पोटात पाणी होऊन गेली." माझं वाक्य, जसंच्या तसं. सगळ्यांवर संशय घेणारी पोरगी, तिनं तेवढं एक न तपासता घेतलं होतं. डॉक्टरबाईचं पेन थांबलं. "पाणी कशामुळे?" लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे, आठवत नाही." आणि पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेलो. तिथे दोनदा लिफ्टचं बटण दाबलं आणि लिफ्ट आली तेव्हा आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उपसली. केसपेपर घड्यांवर फाटला होता, पण आजाराचं नाव वाचता येत होतं. तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. तिनं वाचला, पुन्हा वाचला.

"हा कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"तुझी आजी गेली तेव्हापासून."

"मी पिन लावत होते तेव्हाही?"

"तेव्हाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा मोरीत ओतला, कप विसळला आणि म्हणाली, "आत्याला माहीत आहे? तिच्या पोरींना?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग तुम्ही जाऊन सांगायचं. फोनवर नाही."

ऑपरेशन झालं. अजून पसरला नव्हता. पुढचे उपचार आहेत, पण डॉक्टरबाई म्हणाली की वेळेवर आल्या, हा आजार असा लवकर सहसा सापडत नाही. सगळ्या बायकांना आधीच सांगेल अशी खात्रीची तपासणी अजून नाही, म्हणून अंगात नवीन काही सुरू झालं आणि रोज व्हायला लागलं तर डॉक्टरांचा पिच्छा सोडायचा नाही. मी विचारलं, "पण आजीकडून हिला कसं येईल? मधे तर मी आहे." ती म्हणाली, "बापाकडूनही येतं, काका. असेलच असं नाही, रक्त तपासल्यावर कळेल." त्या दिवसापासून मी आंघोळ करताना स्वतःच्या अंगाकडे बघत नाही.

काल दापोडीला गेलो. धाकटीचे केस पांढरे झालेत, बसते अगदी तुझ्यासारखी, एक गुडघा वर करून. तिला सगळं सांगितलं. लग्नासाठी लपवलं हेही सांगितलं. ती गवारीच्या शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली, "मोडलं असतं तर मोडलं असतं, दादा. दुसरं झालं असतं. माय दुसरी झाली असती का?" मी म्हटलं, जे होतं ते सगळं सांगितलं तुला. ती म्हणाली, "तुझ्या तोंडून आलंय म्हणजे अर्धंच असेल. कागद आण. पोरींना मी दाखवते, त्या स्वतः जातील." सोबत नेलेला कागद मी तिथेच दिला. ती चष्मा शोधायला उठली.

अर्धंच, हे तिनं बरोबर ओळखलं. वर लिहिलंय की कंपनीचा तो डॉक्टर मान वर करत नव्हता. लेकीलाही मी तसंच सांगत आलोय आणि ती त्याला शिव्या देते. एकदा त्यानं मान वर केली होती. तिसऱ्या बाटलीच्या वेळी. त्या दिवशी रांगेत माझ्या मागे कुणी नव्हतं. तो म्हणाला, "आईला एकदा घेऊन या हो, पोट बघू दे." मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी मला ओव्हरटाइम होता. त्याच दिवशी घरी येऊन तुझ्या हातात बाटली दिली होती आणि म्हणालो, डॉक्टरनं काळजीचं काही नाही म्हणून सांगितलंय.