मला हर्निया झालेला नाही

गुरुवार, दि. १४, सकाळ

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा जिन्यापुरता कुरकुरतो, एरवी गप्प असतो. ती स्वतः गप्प नसते. गच्चीची गळती गवंड्याने एकदाची बुजवली. नातीचा निकाल कळला, तिला स्वतंत्र लिहीन. सूनबाईंना आशीर्वाद. माझे अक्षर या खेपेस उजवीकडे कलले आहे, ते वार्धक्याचे लक्षण समजू नकोस. मी जरा तिरका बसून लिहितो आहे. कारण ओघाने येईल.

आता तुझ्या फोनविषयी. त्या दिवशी मी ऐकून घेतले आणि काही बोललो नाही, ते तुझे म्हणणे पटले म्हणून नव्हे. रागात उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही. लिहिलेला निदान खोडता तरी येतो. हे पत्र मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहितो आहे, तेव्हा यात जे उरले आहे ते विचारपूर्वक उरले आहे असे धरून चाल.

तू म्हणालास, "बाबा, मी इकडच्या मोठ्या हॉस्पिटलात सगळं ठरवलंय. पूर्ण भूल देतील, ऑपरेशन होईल, महिनाभर आमच्याकडे राहा. मी सगळ्यांना हर्निया म्हणून सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा. आणि ते प्रवचन आता पुरे."

मुला, मला हर्निया झालेला नाही. माझी प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ही लहानशी ग्रंथी वय झाले की बहुतेक पुरुषांची वाढते आणि मूत्रमार्ग आवळून धरते. यात पाप नाही, अपराध नाही आणि हर्निया तर मुळीच नाही.

सभागृहात काय झाले ते तुला वाचनसभेच्या अध्यक्षांकडून कळले. अध्यक्षांचे कथन म्हणजे पाकातून काढलेली कैरी. मूळ चव उरत नाही. म्हणून मी सांगतो.

तुला ठाऊक आहे, आपल्या वाचनसभेचा दंडक आहे: वक्ता आसनावर बसला की अध्याय संपेपर्यंत उठत नाही. माझ्या गुरूंनी तो पाळला, मीही पाळत आलो. अलीकडे मात्र तो पाळण्यासाठी मला एक युक्ती करावी लागत होती. प्रवचनाच्या आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याला शिवत नव्हतो. घशाला कोरड पडे, जीभ टाळूला चिकटे, पण आसन सुटत नसे. श्रोत्यांच्या ते लक्षात आले आणि एके दिवशी अध्यक्षांनी ध्वनिवर्धकावरून जाहीर केले, "आपले शास्त्रीबोवा प्रवचनाआधी निर्जळ व्रत करतात!" टाळ्या झाल्या. मी डोळे मिटून घेतले. लोकांना तोही विनय वाटला.

पहिल्या रांगेत ते निवृत्त पोस्टमास्तर बसतात, माझ्याहूनही वयाने मोठे, कानाला यंत्र लावलेले. त्यांनीही ते व्रत धरले. मला पत्ता नव्हता. त्या रविवारी देहाला नऊ दारांचे नगर का म्हटले आहे, त्याचे विवरण चालू होते. पाचव्या दाराशी पोचलो आणि पोस्टमास्तर खुर्चीवरून सरळ खाली घसरले.

मी उठलो. आसन सोडून, अध्याय अर्धवट टाकून उठलो. त्यांचे डोके मांडीवर घेतले, कुणीतरी आणलेला तांब्या त्यांच्या ओठांना लावला. डोळे उघडल्यावर ते पहिले वाक्य काय बोलले असतील? "बोवा, माफ करा, माझं व्रत मोडलं."

त्या वाक्याने मला जाळले. मी तिथेच, जमिनीवर बसल्या बसल्या, ध्वनिवर्धक मागवला आणि म्हणालो, "मंडळी, मी कसलेही व्रत करीत नाही. माझी प्रोस्टेट वाढली आहे. मध्येच लघवीला उठावे लागू नये म्हणून मी तहानलेला बसतो. आज नऊ दारांची स्तुती करतो आहे आणि त्यातल्या एका दाराची लाज धरून बसलो आहे. आता मी उठतो, जाऊन येतो, मग सहावे दार सांगतो."

मग तिसऱ्या रांगेतून तो जाडजूड शिंपी उभा राहिला आणि म्हणाला, "बोवा, मीही येतो!" त्याच्यामागे घड्याळवाले. त्यांच्यामागे हिशेबतपासनीस, जे इतके दिवस प्रवचनाच्या मध्यावर 'महत्त्वाचा फोन' घेण्यास बाहेर जात असत. प्रसाधनगृहापाशी रांग लागली. अशी शिस्तबद्ध रांग मी देवदर्शनालाही पाहिलेली नाही. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि तुझी आई, जिला मी कधी मोठ्याने हसताना पाहिले नव्हते, ती सर्वांत मोठ्याने.

वाचनसभेच्या इतिहासातले ते पहिले मध्यंतर. सहावे दार मात्र त्या दिवशी राहूनच गेले.

अध्यक्ष रांगेत नव्हते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, पाठ दुखते म्हणायचं! संधिवात म्हणायचं! एवढे शब्द पाठ तुम्हाला, त्यातला एक सापडू नये?"

मी म्हणालो, "सापडला तोच वापरला."

"मग काही महिने विश्रांती घ्या. आसनावर दुसऱ्या कुणाला बसवू."

"तुम्ही बसवा. मीही येऊन बसेन. श्रोते कुणाकडे तोंड करतात ते पाहू."

त्याच संध्याकाळी त्यांनी तुला फोन केला आणि तू मला.

दुपार

जेवून पुन्हा बसलो आहे. तुझी आई म्हणते, "लेकाला पत्र लिहिताय की निकालपत्र?" तिला म्हटले, दोन्ही.

आता उपचारांविषयी. म्हातारा हट्टाला पेटला आहे आणि त्याला कळत काही नाही, असे तू समजू नयेस म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही दोघे इथल्याच मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. त्या बाई आहेत, वयाने तुझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. तुझी आई दाराशीच थबकली. "अहो, बाई आहेत." मी म्हणालो, "तूही बाई आहेस, तुझ्यापासून मी काय लपवले?" ती म्हणाली, "तहान." मग आम्ही आत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, सोनोग्राफी केली, एका यंत्रात लघवी करायला लावून धारेचा वेग मोजला. कर्करोगाची शंका घेण्यासारखे काही नाही, हे आधी सांगितले. मग निर्जळ राहण्यावरून माझी जी खरडपट्टी काढली तशी गुरुगृहीही कुणी काढली नव्हती. "पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशय आणखी चिडतं, जंतुसंसर्ग होतो, खडे होतात. आजोबा, तुम्ही आगीत तेल ओतत होतात!"

मग त्यांनी कागदावर ग्रंथी काढली. गोळ्या मी घेतोच. त्या घेतल्या की उठताना चक्कर येते. जुनी खात्रीची शस्त्रक्रिया म्हणजे मूत्रमार्गातूनच आत जाऊन वाढलेला भाग खरवडणे. तोच भाग लेझरने सोडवून काढता येतो. ग्रंथी फार मोठी असेल तर ते चांगले. एका पद्धतीत बारीक टाके घालून ग्रंथीच्या दोन्ही बाजू पडद्यासारख्या मागे बांधून ठेवतात. पण माझ्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात डोकावतो आहे, त्यामुळे ती मला नीट लागू पडणार नाही. आणखी एकीत मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन ग्रंथीचा रक्तपुरवठा तोडतात, म्हणजे ती हळूहळू आक्रसते. आणि एक वाफेची. मूत्रमार्गातून उपकरण घालून ग्रंथीत क्षणभर वाफ सोडायची, पुन्हा थोडी, पुन्हा थोडी. वाफेने पोळलेला भाग शरीर स्वतःच काही आठवड्यांत जिरवून टाकते. जागा बधिर करून, थोडी गुंगी देऊन काम भागते. त्याच दिवशी घरी.

मी विचारले, "यात खोट काय?"

त्या हसल्या. "बरं झालं विचारलंत. काही दिवस नळी ठेवावी लागते. जळजळ होते, थोडं रक्त दिसतं. फरक लगेच पडत नाही, दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. आणि काही वर्षांनी काहींना पुन्हा काहीतरी करावं लागतं. मोठी शस्त्रक्रिया जास्त टिकते, हे मी लपवणार नाही."

मग मी त्यांना ते विचारले, जे तुला फोनवर सांगू शकलो नाही. तू 'पूर्ण भूल' म्हणालास तेव्हा मी गप्प झालो, ते याचमुळे. माझे गुरुबंधू तुला आठवतात. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आले ते अध्यायामागून अध्याय हरवून. सुरुवात करीत आणि मध्येच थांबून आमच्या तोंडाकडे पाहत. ती नजर मी विसरलेलो नाही. मला मरणाचे भय नाही, ते वाचून वाचून झिजले आहे. पण जे बालपणापासून मुखोद्गत आहे ते जाईल आणि मी उरेन, याचे मला भय आहे. बाईंनी थट्टा केली नाही. म्हणाल्या, "या वयात मोठ्या भुलीनंतर काहींना गोंधळल्यासारखं होतं, बहुतेक सावरतात, सगळे नाही. मोठी शस्त्रक्रिया कमरेखाली बधिर करूनही होते, तोही पर्याय आहे. घाई नाही. निवड तुमची."

निवड तुमची! कित्येक दिवसांत हे दोन शब्द मला कुणी ऐकवले नव्हते. तू नाहीस, अध्यक्षांनी नाही.

मी वाफ निवडली. आणि मुला, इथे अक्षर कलण्याचे कारण येते. ते होऊनही गेले. सोमवारी. माझ्या मांडीला आत्ता एक पिशवी बांधलेली आहे आणि तिच्या बाजूने भार घेता येत नाही म्हणून मी तिरका बसलो आहे. तुला कळवले असते तर तू गाडी घेऊन आला असतास आणि मला हर्नियाकडे घेऊन गेला असतास.

भरती करणाऱ्या मुलीने विचारले, "कशासाठी आलात आजोबा?" मी खणखणीत आवाजात सांगितले, "प्रोस्टेटसाठी!" ती बिचारी कुजबुजली, "हळू बोला ना, लोक ऐकतात." मी म्हणालो, "ऐकू दे. जन्मभर लोकांनी ऐकावे म्हणूनच बोलत आलो आहे." तुझ्या आईने मला चिमटा काढला. मग स्वतःच तिला म्हणाली, "लिही गं बाई, स्पष्ट लिही."

आत वाफ सोडत होते तेव्हा मी अध्याय म्हणत होतो. दुखले, खोटे सांगत नाही. पण एकही ओळ चुकली नाही. शेवटच्या ओळीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं." मी विचारले, "अध्याय की काम?" त्या म्हणाल्या, "दोन्ही." बरे किती वाटेल ते पुढे कळेल. नळी येत्या सोमवारी निघेल आणि त्यानंतरच्या रविवारी मी आसनावर बसेन. अध्यक्षांना तसे कळवले आहे. मध्यंतर राहील, हेही कळवले आहे.

संध्याकाळ

इथे पत्र संपवून पाकिटात घालणार होतो. तुझी आई म्हणाली, "खरं ते लिहिलंत का?" मी म्हणालो, सगळे लिहिले. ती म्हणाली, "त्याचं?"

म्हणून पुन्हा लेखणी उचलली.

तुझ्या आजोबांचे अखेरचे दिवस मागच्या खोलीत गेले. नळी होती, पिशवी होती, वास होता. घरी कुणी आले की आम्ही सांगत असू, ते एकांतात चिंतन करतात. लोक बाहेरूनच नमस्कार करून जात. त्यांना माणसे फार प्रिय होती आणि ती दाराबाहेरून परत जाताना त्यांना ऐकू येत असत. मग माझे व्रत झाले. आता तुझा हर्निया. आपल्या घराण्यात या एका ग्रंथीला कुणीही तिच्या नावाने हाक मारलेली नाही.

गेल्या खेपेस आम्हाला सोडायला आलास तेव्हा वाटेत तू गाडी वारंवार थांबवलीस. चहाला, म्हणालास. चहा तू कुठेच प्यायला नाहीस. सूनबाईंनी बाटली पुढे केली की म्हणायचास, "नंतर." सभागृहात येतोस तेव्हा दाराजवळची खुर्ची धरतोस. आईने पाहिले, मीही पाहिले. मी तुला त्या दिवशी विचारले नाही, कारण तेव्हा मी स्वतः कोरड्या घशाने निर्जळ बसलो होतो. तहानलेला माणूस दुसऱ्याला 'पाणी पी' कोणत्या तोंडाने सांगणार?

आता सांगू शकतो. अब्रू जाईल म्हणून तू माझ्यावर चिडला नाहीस. मी मोठ्याने बोललो ते तुझ्याविषयीही होते, म्हणून चिडलास. चीड. हवे तर या पत्राचे तुकडे कर. पण तपासून घे. आत्ताच कळले तर तुला कदाचित नुसत्या गोळ्यांवर भागेल, आणि दुसरे काही निघाले तर तेही वेळेत निघेल.

मी तुझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतलेली नाही. निवड तुझी, जशी माझी माझी होती. एवढेच केले आहे की सभागृहातल्या शिपायाला सांगून दाराजवळची ती खुर्ची उचलायला लावली आहे. त्या रविवारी येशील तर पहिल्या रांगेत, पोस्टमास्तरांच्या शेजारी बस. सहावे दार अजून सांगायचे आहे. मध्येच उठावे लागले तर खुशाल ऊठ. तू परत येऊन बसेपर्यंत मी पुढची ओळ म्हणणार नाही.

भरलेला पेला समोर ठेवून लिहिणारा,
तुझा बाप