उजव्या हाताची भर

प्रिय एमेरिच,

गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी मी चर्चमधली मिस्सा चुकवली. याआधी एकदाच चुकली होती, युद्धात गॅलिशियाच्या आघाडीवर उजवा हात गेला त्या दिवशी. या वेळी पहाटेच्या गाडीनं व्हिएन्नाला आलो, कारण तू लिहिलं होतंस, 'आपली रचना वाजवतोय, ये.' आपली!

आणि ती तू दोन्ही हातांनी वाजवलीस. अरे, इस्पितळात माझ्या खाटेशी बसून तूच लिहिलीस ना ती, माझ्या उरलेल्या डाव्या हातासाठी? खर्जाचा सूर पायाखालच्या पेडलवर धरायचा, हात उडी घेऊन पियानोच्या वरच्या पट्ट्यांवर न्यायचा आणि अंगठ्यानं चाल गायची. त्या उडीला एक क्षण लागतो. तेवढा वेळ ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला असतो. तू उजवा हात घातलास आणि तो क्षणच गेला. शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "आत्ता कशी पुरी वाटते! आधी म्हणे कुणा थोट्यासाठी होती." तो पुटपुटला, "अगं हळू, तो इथंच बसलाय." मग तू मला उभं करून टाळ्या मिळवून दिल्यास. मी साधी टाळीही वाजवू शकत नाही रे.

नंतर कॉफी पिताना म्हणालास, "सेवेरीन, एका हाताचे वादक असून असून किती? प्रकाशक दोन हातांची रचना छापतोय, त्याला जुनी प्रत कुठंच राहायला नको आहे. तुझ्याकडची पानं पाठवून दे." गावच्या शाळेत मास्तरांपुढे डोलवायचो तशी मी मान डोलावली. घरी आल्यावर तुझी वहिनी वाल्बुर्गा कडाडली, "त्याचे दोन्ही हात शाबूत, आणि तुमच्या एका हातातलं ओढून घेतो? तुम्ही हो म्हणालात तरी कसे?"

किती, विचारतोस? लिंझच्या सैनिकांच्या आश्रमात चौघं. आमच्या गावात ओटिलिये, लाकडाच्या गिरणीत उजवा पंजा गमावलेली. देवानं आम्हाला अर्धं ठेवलं असं मी कधी मानलं नाही. प्रार्थनेतही हात मागितला नाही. तू मात्र आम्हाला अर्धं ठरवलंस, आणि तेही आमच्याच सुरांवर.

त्या जुन्या पानांच्या मी पाच नकला केल्या. डाव्या हाताचं अक्षर वाकडं येतं, पण स्वर चुकलेला नाही. चार आज सकाळी लिंझला टपालानं गेल्या, पाचवी ओटिलियेला नेऊन दिली. तिनं दारातच पहिली ओळ गुणगुणली. मूळ पानांची वाट पाहू नकोस. ती मी देणार नाही.

रागावलेला, तरी तुझाच,
सेवेरीन