सीटमागची हिरवी बॅग

बुये, ४ ऑक्टोबर

प्रिय एदीदादा,

तू बरा असशील. तिकडे कॉर्कला पाऊस असणारच. इथे अजून ऊन आहे, द्राक्षं उतरवून झाली आणि सायकलवाले कमी होत चाललेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. फोन नको उचलूस, पण हे वाच.

आधी साध्या बातम्या. मागचं अंजिराचं झाड यंदा फळांनी वाकलंय. गाडीचे ब्रेक बदलले. काल चार डच बायका उतरल्या होत्या, सगळ्या सत्तरीच्या. सायकलवाट झालेल्या जुन्या रेल्वेच्या प्रत्येक बोगद्यात थांबून ओरडायच्या आणि आपलाच आवाज परत आला की टाळ्या वाजवायच्या. मोतोवुनचा चढ मात्र त्यांनी सायकली ढकलत काढला असणार. त्यांच्यातल्या एकीची बॅग बाबांना उचलवेना. ते म्हणाले, "बाई, नवऱ्याला घडी घालून आणलंत की काय?" ती म्हणाली, "त्याला घरीच ठेवलाय हो, बूट आहेत ते." बाबा हसले. जूननंतर पहिल्यांदाच.

काम तेच आहे. सकाळी पाहुणे पेडल मारत निघून जातात, बॅगा आपल्या दारात ठेवतात. बाबा त्या गाडीत भरतात आणि पाहुणे दमून पोचायच्या आत पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवतात. एकच बॅग ते कुठेच उतरवत नाहीत. ती ड्रायव्हरच्या सीटमागे असते. हिरवी. आईची.

हे मला पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. अंजिरं मध्ये आली.

दादा, जूनमध्ये आईच्या दफनाच्या वेळी तू बाबांना म्हणालास, "आई मरत होती आणि तुम्ही परक्यांच्या बॅगा पोचवत होतात." सगळ्यांनी ऐकलं. बाबा टोपी हातात फिरवत राहिले आणि तू तिथूनच विमानतळावर गेलास. ते मोतोवुनला गेले होते, हे खरं आहे. पण परक्यांच्या बॅगांसाठी नाही.

त्या सकाळी वरच्या खोल्यांतले पाहुणे निघून गेले होते आणि त्यांच्या बॅगा दारात होत्या. आईला अचानक धाप लागली. मी हॉस्पिटलसाठी भरून ठेवलेली तिची बॅग आणून तिथेच ठेवली आणि तिला शाल गुंडाळायला आत गेले. अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन आले तर दारात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी भराभर सगळ्या बॅगा गाडीत टाकल्या, त्या पोचवायला शेजारच्या नीनोच्या हातात किल्ली दिली आणि अँब्युलन्समध्ये आईजवळ जाऊन बसले. दारातली बॅग दिसली की गाडीत, दुसरं काही त्यांच्या हातांना माहीतच नाही. आईची बॅगही गेली. पाहुण्यांच्या सामानाबरोबर नीवेसच्या खानावळीत, मोतोवुनच्या डोंगरावर.

हॉस्पिटलात आई म्हणाली, "माझी बॅग?" बाबांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ती म्हणाली, "जा, घेऊन ये. परक्या कपड्यांत मला लाज वाटते." माझी छोटी गाडी घेऊन ते धावत गेले. परत आले तेव्हा बॅग त्यांच्या हातात होती आणि आईचा पलंग रिकामा होता.

त्यांना वाटतं, आपण ती बॅग गाडीत टाकली नसती तर आपण तिच्याजवळ असतो. तुला उत्तर देण्यापेक्षा तू समजलास तेच त्यांनी खरं राहू दिलं.

आता राहिलेलं. ते बॅग आणायला गेल्यावर मी आईला म्हटलं, "इथला गाऊन चांगला आहे की गं." ती म्हणाली, "बॅग कुणाला हवीय? तो इथे बसून माझा श्वास मोजत होता. त्याला बघवणार नाही. हातात वजन असलं की तुझा बाप चालतो, नाहीतर कोसळतो." मग म्हणाली, "हे त्याला कधी सांगू नकोस." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणतात?

म्हणून दफनाच्या दिवशी मीही गप्प राहिले. सांगितलं तर आईला दिलेला शब्द मोडतो, शिवाय तिनेच त्यांना दूर पाठवलं हे त्यांना कळतं. नाही सांगितलं तर ते ती बॅग फिरवत राहणार. मला रोज सकाळी एक बरोबर वाटतं आणि संध्याकाळी दुसरं.

परवा नीवेसच्या दारात मी गाडीतून ती बॅग उचलायला गेले. बाबांनी हात धरला. "तुझी आहे का?"

"आईची आहे, बाबा."

"मग? ज्याची बॅग त्याच्या हातात."

नीवेस आतून बाबांवर ओरडली, "अरे झ्वाने, म्हाताऱ्या गाढवा, मालकीण येणार आहे का आता?"

"नाही. एदी येईल."

मला लागलं, दादा. मी म्हटलं, "मी कुणी नाही का?" ते दुसऱ्यांच्या बॅगांचे पट्टे नीट करायला लागले. मग म्हणाले, "तू मला काही विचारत नाहीस. तो विचारेल, ही बॅग कुठे होती. मला ते सांगायचंय."

मी ती उघडलेली नाही. दुसऱ्याची बॅग आपल्या घरात कुणी उघडत नाही. पण भरताना मी होते. आत तिचा निळा गाऊन आहे, घरातल्या सपाता, नर्सबाईंसाठी अंजिराच्या मुरंब्याची बरणी आणि तू पाठवलेला करडा स्वेटर. तो तिने एकदाही घातला नव्हता. म्हणायची, "एदी आला की घालीन."

तू ये. ओरडायला आलास तरी चालेल, पण त्यांना विचार. त्यांचं बोलून झालं की आईचं त्यांना सांगायचं की नाही, ते आपण दोघं ठरवू. माझ्या एकटीच्याने ते होत नाही.

आणि येशील तेव्हा तुझी बॅग दारात ठेवू नकोस. आत आण.

तुझी,
लोरेता