थंड मशीन आणि कुसुमचा काटा

अमरावती. आश्विन शु. ५, सन १९६६
कुसुमनं, माह्या नातीनं, आज तिची प्रयोगशाळा दाखवली. माह्यासारख्या दुसरी शिकलेल्या बाईले खुर्ची दिली त्यायनं! तिचं यंत्र बोटाएवढं. चुंबकाची लई बारीक ओढ मोजते. त्याले गार ठेवा लागते, म्हणून बाजूले थंडी करणारं लहान मशीन. आन् त्याच्या मोटारीतच चुंबक! ते धकधकते तसा इकडं यंत्राचा काटा नाचते. मी म्हटलं, “लेकरू निजवाले पाळणा हलवा, तं पाळणाच करकरते!” तिचे सर बी हासले.
हासू तेवढंच. दिवाळीपर्यंत काटा थांबला नाही तं काम बंद, मंग लग्नच. तिकडं अकोल्याले तिच्या बापानं पातूरचं स्थळ धरूनच ठेवलं हाये.

शु. ७
जमलं! पोरीनं मशीन पार दूरच्या कोपऱ्यात नेलं, मधी थंडी नेणारी लांब नळी. काटा गप. मी शिरा केला, शेजारणीले बी दिला. साखर जास्तच पडली.

शु. ११
पोरगी जेवली नाही. खंडेनवमीच्या पूजेले प्रयोगशाळेतल्या मिस्त्रीनं नळी काढली, सारी अवजारं एका पाटावर मांडली. मशीनले चिकटून तिचं यंत्र. पुजलेलं दसऱ्यापर्यंत हलवाचं नाही, तं तसंच राह्यलं. चुंबक यंत्रात उतरलं. आता मशीन बंद असलं तरी काटा एका अंगाले पडलेला.
“मिस्त्रीले बोलली का नाही?”
“काय बोलू आजी? कुंकू तं मीच लावलं. सर हात जोडून उभे होते.”

कृ. ४
तारेच्या वेटोळ्यात यंत्र धरते, वीज हळूहळू कमी करते, म्हणजे चुंबक निघते म्हणे. थोडं निघालं. थोडं हाये. डोळे खोल गेले पोरीचे. तरी बोलाले लागली का मले कौतुकच वाटते, काय करू.

कृ. १०
दुपारच्या एस्टीनं माहा लेक, कुसुमचा बाप, आला.
“माय, तिचं सामान बांध. पातूरचे लोक उद्या अकोल्याले तिले पाहाले येऊन राहिले.”
“कॉलेजात हाये ते. आज यंत्र अखेरचं लावून पाहून राहिली.”
“मंग मीच जातो तिकडं.”
“पयले जेव.”
पिठलं वाढलं. दोन भाकरी झाल्या. नको नको म्हणते, पण वाढलेल्या ताटावरून उठाची त्याले सवय नाही. तवा मुद्दाम उतरवला होता, तो फिरून तापेस्तोवर हे लिवलं. आता तिसरी थापते.