चौदा तासांची बैठक

१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पिल्लूला गोड पापा. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून आधी जे ठीक आहे ते लिहून टाकते. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. समोरच्या आजींची मांजर आता जेवते आमच्याकडे आणि झोपायला तेवढी घरी जाते. बाबा आज बाल्कनीपर्यंत दोनदा चालले.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर बाबा शेजारी बसलेले असतात. शिवाय तू मधेच बोलतोस, आणि हे मला न थांबता सांगायचं आहे.

तुमचा अर्ज पोचला. गेल्या सोमवारी साहेबांनी एक जाड गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तिकडच्या लोकांना थेट विमान हवंय. अकराशे चाळीस सह्या आहेत. उत्तराचा मसुदा तुम्हीच करा, अभ्यास तुमचाच होता." पहिली सही तुझी. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकताना शेवटी जो फटकारा मारायचास, तो अजून तसाच आहे. सहीपुढे कारणाचा रकाना होता. कुणी आईचे गुडघे लिहिलेत, कुणी तान्ही जुळी मुलं. तू लिहिलंयस, "वडील. एका बैठकीत येतो म्हणतात."

मी गठ्ठा मिटला आणि उगाचच पाणी प्यायला गेले.

कंपनीचं उत्तर तुम्हाला रीतसर येईल. या मार्गासाठी योग्य विमान आमच्या ताफ्यात नाही, असं त्यात असेल. सही साहेबांची, मजकूर माझा, आणि तो अक्षर न् अक्षर खरा आहे. आमच्याकडे दोनच जातींची विमानं आहेत. लहान जात तुझ्या शहरापर्यंत पोचतच नाही. मोठी कागदावर पोचते. पण हिवाळ्यात वारा समोरून येतो. उतरायच्या जागी धुकं असलं तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरतं इंधन लागतं, आणि इंधन वाहून न्यायलाही इंधनच लागतं. हे सगळं भरलं की बावन्न जागा रिकाम्या सोडाव्या लागतात. शिवाय एवढ्या लांबच्या उड्डाणाला कर्मचाऱ्यांचे दोन संच लागतात आणि एकाला झोपायला जागा. ती आमच्या विमानात नाहीच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमच्या जाहिरात विभागाने मात्र आधीच "लवकरच थेट" असे फलक लावून टाकले होते. बाजारात तुरी, दुसरं काय.

आता जे फोनवर टाळत आले ते लिहिते. "हे विमान या मार्गासाठी योग्य नाही" हा अहवाल मी लिहिला त्याला सोळा महिने झाले.

सोळा महिने, दादा. आणि बाबा रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "काय म्हणतंय तुमचं विमान?" मी म्हणायचे, "येतंय बाबा, काम चालू आहे." कचेरीत मी एका किलोचाही आकडा खोटा लिहिलेला नाही. घरी रोज खोटं बोलले.

सुरुवातीला दया आली म्हणून. मागच्या खेपेला आईला घेऊन तुझ्याकडे येताना काय झालं ते तुला माहीतच आहे. मधल्या विमानतळावर बाबा हात धुवायला गेले ते वाट चुकले. आई चार बॅगा धरून पाच तास एकटी बसली आणि पुढचं विमान चुकलं. ती गेली तरी बाबांच्या मनातून ते गेलं नाही. "एका बैठकीत नेणार असाल तर येतो," हे तेव्हापासूनचं. फलक लागल्यावर ते इतके खूश झाले होते की अहवालाच्या दिवशी माझी जीभच रेटेना. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या.

पण दया पहिला महिनाभरच होती. तू म्हणाला होतास, "बारके, तू त्यांना घेऊन ये, दोन टप्प्यांत. तू बरोबर असशील तर येतील." बरोबर होतं तुझं, ते आले असते. तेव्हा मीच म्हटलं, थांब, थेट विमान येतंय, त्यांना उगाच त्रास कशाला. खरं सांगू? मला ते जायला नको होते. तिथे तू आहेस, वहिनी आहे, नात आहे. एकदा गेले की परत येणार नाहीत असं मला वाटायचं. मी कचेरीतून येऊन कुलूप उघडणार आणि आत कुणी नाही, हे चित्र मला सोसेना. एवढी मोठी बाई, आणि बापाला धरून ठेवलं, लहान मूल पदर धरतं तसं.

याहून वाईट पुढे आहे. तू बसला आहेस ना?

जूनपासून बाबांनी सराव सुरू केला. त्यांनी विचारलं, किती तास? मी म्हटलं, चौदा. मग दर रविवारी आणि बुधवारी ते हात असलेली खुर्ची खिडकीशी ओढायचे आणि सकाळी सहाला बसायचे, ते संध्याकाळी आठपर्यंत. पुढे स्टूल लावायचे, पाय लांब करता येऊ नयेत म्हणून. उठायचं फक्त तीनदा. "आपलं वय झालं, शेजारच्या प्रवाशाला किती उठवणार?" पहिल्या दिवशी पाच तासांत पाठ धरली, तर स्वतःलाच म्हणाले, "उतरा आता समुद्रात." ऑगस्टमध्ये चौदा पुरे केले आणि मला टाळ्या वाजवायला लावल्या. मी वाजवल्या. रविवारी मी घरी असायचे, तेव्हा विमानातला ट्रे आणून त्यात जेवणसुद्धा वाढायचे. मजा वाटायची रे. ते इतके आनंदात असायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी डावी पोटरी सुजली. मला म्हणाले, खुर्चीची कड लागते, उशी दे. मी उशी दिली. नोव्हेंबरात दम लागून पडले ते तुला माहीत आहे. तुला मी सांगितलं, वयोमानाने झालं. वयोमानाने नाही, दादा. पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुफ्फुसात गेली. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडे लांबचा प्रवास केला होता का?" बाबा ऑक्सिजनच्या नळीतून म्हणाले, "छे हो. तयारी करत होतो." डॉक्टर हसले. मी तिथेच उभी होते.

डॉक्टरांनी आता त्यांचं विमान कायमचं बंद केलंय. एका तासाचंसुद्धा नाही. बाबांसमोरच तसं सांगितलं, तर घरी येताना बाबा मला म्हणाले, "डॉक्टर असंच बोलतात. तुमचं विमान सुरू होईपर्यंत मी ठणठणीत होतो की नाही बघ." तेव्हाही मी "हो बाबा" म्हटलं.

पण तुझी सही पाहिल्यावर मला राहवेना. काल सकाळी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. अहवाल, सोळा महिने, मला ते जायला नको होते तेही. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "किती जागा रिकाम्या सोडाव्या लागतात म्हणालीस?"

"बावन्न."

"मला एकच हवी होती गं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तर त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यात त्यांना धाप लागली. हे मी कुणाला सांगू, तुलाच सांगते.

जरा सावरल्यावर म्हणाले, "दादाला यातलं काही कळवू नकोस." तुझ्या सह्यांचं त्यांना माहीत होतं. तुम्ही दोघांनी ते माझ्यापासून लपवलंत, बारकीला चकित करायचं म्हणून. म्हणाले, "तो दर शनिवारी दारोदार हिंडून सह्या गोळा करतोय. करू दे. तिथे राहण्याच्या कागदांचा निकाल लागेपर्यंत त्याला तो देश सोडता येत नाही, त्यात हे कशाला? तेवढीच वाट बघायला काहीतरी. कंपनीचं चाललंय म्हणून सांग."

दादा, हे तर माझेच शब्द. मीही त्यांच्याबद्दल नेमकं हेच म्हणत होते. त्यांच्या मायेने ते सांगत होते आणि मी माझ्या तोंडाने हो म्हटलं. या घरात मी त्यांना दिलेला हा शेवटचा खोटा शब्द, आणि तो मी आजच मोडते आहे.

तेव्हा ऐक. ते विमान येणार नाही. आलं तरी बाबा त्यात बसणार नाहीत. तुझ्या वकिलांनी कागदांना दोन वर्षं सांगितली आहेत. बाबांबद्दल डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, त्यात दोन वर्षं नव्हती. एक होतं, तेही "बघू" म्हणून. तू निघालास तर परत शिरता येणार नाही, तिथे वहिनी आहे, पिल्लूची शाळा आहे, हे मला कळतं. ये म्हणायचा हक्क मी घालवला आहे आणि येऊ नकोस म्हणायचा मला कधी नव्हताच. पण ठरवायचं ते खरं कळल्यावर ठरव. बाबांना मी ती संधी दिली नाही.

आणि राग कंपनीवर काढू नकोस. अर्जावर सह्या केलेल्या त्या लोकांनाही सांग, कंपनीने खरं तेच कळवलंय. खोटं तुझ्या घरातून बोललं गेलं.

ज्या बहिणीवर तू विश्वास ठेवलास ती,
बारकी