तळ्यातले बगळे

मंगळवार संध्याकाळ, वेस्ट मांबलम

आज कंपनीत ‘रोजच्या जगण्यातला आनंद’ असा कार्यक्रम होता. एचआरच्या मॅडमनी प्रत्येकाला आपापला आनंद सांगायला लावला. मी कशाला खरं बोललो? श्रीपेरुंबुदूरला आमची बस वळते तिथलं तळं सांगितलं, त्यातले बगळे सांगितले. सकाळी ते दिसले की शिफ्ट सोपी जाते, हेही बोलून बसलो.

मॅनेजर म्हणाले, “अरे, तिथेच तर आपलं नवं पार्किंग होणार! पुढच्या महिन्यात भराव टाकतायत.”

सगळे हसले. मॅडमसुद्धा.

मग बगळे कुठे जाणार, एवढं तरी विचारायचं होतं. पण मीही हसलो. वर सर्वांत छान उत्तराचं बक्षीस मलाच मिळालं, आणि मी ते निमूट घेऊन घरी आलो.